वद्य द्वादशीची ओहोटी

आबा,

आज सकाळी समोरच्या खोलीतलं जोडपं बसने गेलं. आधी बसरा, मग बगदाद, मग वाळवंट ओलांडून अम्मान, आणि तिथून विमान मिळालं तर मुंबई. तिला सातवा संपत आलाय. निघायचं ठरवण्याआधी त्याने मला एक प्रश्न विचारला होता, आणि मी दिलेलं उत्तर दिवसभर डोक्यातून जात नाही. म्हणून तुम्हाला लिहायला बसलो. तुम्हाला जाऊन वीस वर्षं झाली, आणि कुवेतचं टपालही ऑगस्टपासून बंद आहे. हे पत्र कुठेही पोचणार नाही, त्यामुळे हात मोकळा चालतो.

इराकी फौज आली तेव्हा तुमची सून आणि नातवंडं सुट्टीला रत्नागिरीला होती. मी एकटा अब्बासियातली जागा सोडून दवाखान्याच्या क्वार्टर्समध्ये आलो, कारण बस बंद झाल्या होत्या आणि रक्त तपासायला लॅबमध्ये माणूस हवा होता. समोरच्या खोलीत ही दोघं. तो पुण्याचा, पेट्रोकेमिकलमधला इंजिनिअर, अंड्यालाही हात न लावणारा. ती वेंगुर्ल्याची, आमच्याच दवाखान्यातली नर्स. दोन महिने तिघं एकत्र जेवलो. भात, डाळ, रांगेत उभं राहून मिळालेली खुबूस रोटी, पुन्हा भात. तिचं रक्त मीच तपासत होतो आणि दर खेपेला आकडा खाली येत होता. लोहाच्या गोळ्या संपल्या होत्या. एक दिवस ती ताटावरून उठली आणि मला म्हणाली, "दादा, माका आता ही डाळ बघवणा नाय. मासो होयो. खयचोय चलात." तो हसला. म्हणाला, "खिडकीतून दिसतोय सगळा समुद्र, सांग कुठला कापून आणू?" पण रात्री माझ्या दाराशी आला तेव्हा हसत नव्हता. डोहाळे पुरवायचे असतात हे त्याच्या आईने त्याला लग्नाआधीच बजावलं होतं म्हणे, आणि आता आईला विचारायचीही सोय नव्हती.

तुमचा पाग, ते फेकायचं जाळं, माझ्या कपाटावर होता. आई गेल्यावर घर आवरताना उचलून आणलेला, शिशाच्या मण्यांसकट. इथे आणल्यापासून एकदाही पाण्यात टाकला नव्हता. त्याने ते जाळं पाहून विचारलं, "हे काय, कबुतरं धरता का काका?" मला काका म्हणणं ही त्याची थट्टा, वयात जेमतेम बारा-तेरा वर्षांचं अंतर.

दवाखान्यामागे उथळ आखात आहे. ओहोटीला मैलभर चिखल उघडा पडतो. तिथे बोट लागत नाही, म्हणून सैनिकांचा पहारा फक्त पाण्याच्या टाकीपाशी होता. संचारबंदीत बाहेर दिसलेल्या माणसाचं काय होतं हे आम्ही दोघंही जाणून होतो. दवाखान्यात रोज गोळी लागलेलं कोणीतरी येत होतं. तरीही जायचं ठरलं. प्रश्न उरला तो वेळेचा, आणि तो मी एका मिनिटात सोडवला. भिंतीवर मुंबईहून आलेली दिनदर्शिका होती. वद्य द्वादशी. तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ. बारा पाऊणे नऊ. रात्री नऊला भरती, पहाटे तीनला सुकी, म्हणजे पुरती ओहोटी. एकला निघायचं, दोन तास उतरत्या पाण्यात जाळं टाकायचं, तीनच्या आत परत. "खात्री?" त्याने विचारलं. मी म्हटलं, "आमच्या घरात ही वेळ कधी चुकलेली नाही." लढाईआधी इथल्या वर्तमानपत्रात भरती-ओहोटीच्या वेळा छापून येत. मी त्या कधी वाचल्या नव्हत्या. तिथीची पाऊणपट येणाऱ्याने त्या कशाला वाचायच्या?

आपल्या खाडीवरची ती रात्र तुम्हाला आठवते का? मी दहा-अकराचा असेन. तुम्ही कमरेएवढ्या पाण्यात, पाग दातात आणि खांद्यावर, मी मागे कंदील धरून. कंदिलाच्या उजेडात माशांचे डोळे विस्तवासारखे चमकतायत आणि मला मासे नाही, पाणी दिसतंय. मी म्हणतो, "आबा, पाणी चढतंय वाटतं." तुम्ही वळूनही बघत नाही. "पाण्याकडे काय बघतोस? तिथी बघ. पाणी फसवील, तिथी नाही." आणि खरंच, पाणी उतरलं. लाट आली होती, एवढंच. त्या रात्रीनंतर मी पाण्याकडे बघायचं सोडलं.

चिखलातून जाताना वाटेत एक नाळ लागली, पाण्याची चिंचोळी वाट, घोट्याएवढी. ती ओलांडून पुढे गेलो. अंधार इतका की तो मला दिसत नव्हता, फक्त त्याच्या चपलांचा चिखलातला आवाज. मी पाग फेकला. पहिल्या दोन खेपांना नुसतं शेवाळ. तिसऱ्या खेपेला जाळं थरथरलं आणि तुमच्यासारखंच मनगटाला कळलं. तीन बोय, हातभर लांब. पिशवी त्याच्याकडे दिली तेव्हा आतल्या धडपडीने तो दचकला. "जिवंत आहेत हो!" मग कुजबुजत, "काका, पाणी वाढतंय का?" मी म्हटलं, "नाही. अजून तासभर उतरणार." आणि आबा, मी हे म्हणत होतो तेव्हा पाणी माझ्या पोटऱ्यांवर होतं. आलो तेव्हा घोट्यावर होतं. पाय सांगत होते आणि मी मनात बारा पाऊणे नऊ म्हणत होतो. आणखी दोनदा जाळं टाकलं. शेवटी तोच म्हणाला, अगदी नम्रपणे, एखादं मोजमाप वाचून दाखवावं तसा, "माझी पँट मी गुडघ्यावर दुमडली होती. ती भिजलीय."

मी हात खाली घातला. पाणी किनाऱ्याच्या दिशेने वाहत होतं.

आम्ही वळलो. मघाची नाळ आता नाळ राहिली नव्हती, काळं रुंद पाणी होतं. त्याला पोहता येत नाही. डावीकडे उंचवटा होता, पण तो थेट टाकीकडे, सैनिकांकडे जात होता. मी पागाची दोरी त्याच्या कमरेला बांधली, दुसरं टोक माझ्या मनगटाला. मधोमध पोचलो, पाणी छातीला, आणि टाकीवरचा झोत फिरला. आम्ही जागीच थांबलो. उजेड पाण्यावरून सरकत आला, आमच्यापासून दोन-चार वाव दूर थांबला. तिकडे कोणीतरी अरबीत काहीतरी ओरडलं, दुसरा कोणी हसला. हलायचं नाही आणि पाणी चढतंय. तो माझ्यापेक्षा बुटका आहे. त्याची हनुवटी वर गेलेली मला दिसली. तो म्हणाला, "अजून किती?" पुढे पाणी किती खोल आहे हे तो विचारत होता. मी म्हटलं, "चुकलं. मला माहीत नाही." त्याने माझा खांदा धरला, एवढंच. झोत गेला. पुढच्या पावलाला त्याचे पाय सुटले, मी दोरी ओढली, तो पाणी प्यायला, खोकला दाबता दाबता माझ्या पाठीवर आदळला, आणि मग माझ्या टाचेला चढ लागला.

परत आलो तेव्हा ती जिन्यात बसली होती. तिने भिजलेल्या नवऱ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. मग म्हणाली, "मासो नको होतो माका, इतको शानपणा कोणी सांगितलो?" आणि पिशवी हिसकावून घेऊन आत गेली. कोकम नव्हतं, लिंबावर कालवण केलं. तिने तिन्ही बोय दोन दिवसांत संपवले. तो शेजारी बसून काटे काढून देत होता, नाक मुरडत. मी त्या दोघांना वेळेचा सगळा हिशोब सांगितला, तुमची पाऊणपट कोकणच्या किनाऱ्याची, या आखातातल्या भरतीची वेळच वेगळी असावी, हे. तिने ऐकलं आणि म्हणाली, "वेंगुर्ल्याक लागू पडता." बस, एवढंच.

नंतर दूतावासाच्या बसेसची बातमी आली. जावं की थांबावं? वाटेत चौक्या, ऊन, सीमेवर तंबूंत दिवसच्या दिवस, आणि सातवा महिना. थांबलं तर काय होईल हेही कोणी सांगू शकत नव्हतं. तो माझ्याकडे आला आणि सरळ विचारलं, "काका, तुम्ही सांगाल तसं करतो. जाऊ का?" त्या रात्रीनंतरही त्याने मलाच विचारावं, याने मी आधी सुखावलो आणि लगेच घाबरलो. घरातल्या मोठ्या माणसासारखं काहीतरी ठाम बोलायचं होतं, जिभेवर आलंही होतं. मी म्हटलं, "मला माहीत नाही. खरंच माहीत नाही. रस्त्याचं ड्रायव्हरला विचारा, पोटाचं डॉक्टरांना, आणि मग तिला विचारा. ती म्हणेल तसं करा." त्याचा चेहरा उतरला. ती म्हणाली जाऊया.

सकाळी बस सुटताना तिने खिडकीतून हात केला. तो सामान मोजत होता. ती नीट पोचतील का, मला माहीत नाही. तुम्ही असतात तर तिथी बघून एक दिवस नक्की सांगितला असतात, आणि ती दोघं निदान शांत मनाने बसमध्ये चढली असती. हे मला तुमच्यापुढे कधी म्हणता आलं नसतं, आबा, पण मी दिलं ते उत्तर तुमच्यापेक्षा बरं होतं असं मला वाटतं. वाटतं, एवढंच.