मी शब्द मोडला

ता. ५, मंगळवार

धाकटे,

अनेक आशीर्वाद. घरी सगळे बरे.

शाळेनं बाथरूमच्या दाराची आतली कडी काढली ती काढलीच, वर स्क्रूची भोकं बुजवून रंगही दिला. बावीस वर्षं मी शाळेच्या त्या बाथरूममध्ये लहान वर्गांची पोरं धुतली, ओल्या चड्ड्या बदलल्या. आतून कडी लावायचे ती बाहेरची पोरं हसू नयेत म्हणून. आता नवं धोरण आलंय, बालसंरक्षण. दार अर्धं उघडं, सोबत दुसरी बाई उभी आणि वहीत वेळ लिहायची. एका चड्डीला दोन बाया, एक वही, एक पेन. पेन सापडेस्तोवर पोर दुसऱ्यांदा ओलं. आणि दुसरी बाई कोण, तर आमची झाडूवाली, जिला सगळे रेडिओ म्हणतात. तुला सकाळी शिंक आली तर दुपारपर्यंत ती अख्ख्या गल्लीला कळवेल.

मांडीवर घ्यायचं नाही, पापा घ्यायचा नाही. मी चौथीपर्यंतच शिकले, पण मला चोर समजतात एवढं कळतं. तसं मोठ्या बाईंना तोंडावर म्हटलं. त्या म्हणाल्या, मावशी, नियम तुमच्यासाठी नाही, दारासाठी आहे. उद्या त्या दारामागे तुम्ही नसाल, दुसरं कोणी असेल. मला काही पटलं नाही.

तुला एक विचारायचंय, ते खाली लिहिलंय. मधलं सोडून खाली जाऊ नकोस.

या नियमांचं ट्रेनिंग द्यायला एक पोरगी आली होती, माझ्या लेकीपेक्षा लहान. दोन दिवस आम्हाला पोरांच्या बाकांवर बसवलं, माझे गुडघे आत मावेनात. ती म्हणाली, पोर काही सांगायला आलं तर "कुणाला सांगणार नाही" असं वचन कधी द्यायचं नाही. मी हात वर केला. म्हटलं, बाई, माझं सगळं त्याच्यावरच चालतं. कोण ओलं झालं, कुणी कुणाचा डबा खाल्ला, सगळं माझ्या पोटात. म्हणून तर पोरं माझ्याकडे येतात. सगळे हसले, ती हसली नाही. म्हणाली, चड्डीचं ठीक आहे, पण पोराला वाचवायची वेळ आली तर? मी म्हटलं, तेव्हाचं तेव्हा बघू.

ती वेळ लगेच आली. गेल्या महिन्यात तिसरीतली एक मुलगी सुटीत बाथरूममध्ये आली. हात धुतले, पुन्हा धुतले, पुन्हा धुतले. मी म्हटलं, काय गं, कातडी काढतेस का? तर म्हणाली, "मावशी, तू कुणाला सांगणार नाहीस ना?"

सवयीनं माझ्या तोंडून गेलं, "नाही गं."

रेडिओ दारात होती. मी खुणेनं तिला मागे सरकवलं, तिला दिसेल पण ऐकू जाणार नाही इतकी. मग मुलगी बोलली. व्हॅनवाला तिला सगळ्यांत शेवटी घरी सोडायचा. पुढचं मी ऑफिसात लिहून दिलंय, इथे परत लिहीत नाही.

ती बोलत होती आणि मला ती दिसेना. मला आपला जिना दिसायला लागला.

इथवर तीनदा लिहिलं आणि तीनदा फाडलं. तू नऊ वर्षांची होतीस, मी चौदाची. वरच्या मजल्यावरचे भाडेकरू काका तुला गणित शिकवायचे. जिन्यात बसून तू मला सांगितलंस, आणि म्हणालीस, आईला सांगू नकोस. मी नाही सांगितलं. आई वर्षभर तुला वर पाठवत राहिली. पोटात दुखतंय म्हणायचीस, ती नाटकं म्हणायची, आणि मी तिथेच कपड्यांच्या घड्या घालत असायचे. बहिणीचा शब्द पाळला याचा मला अभिमान होता गं, अगदी गेल्या महिन्यापर्यंत. अठराव्या वर्षी तू नोकरीला लांब गेलीस, यायची बंद झालीस, तर मी सगळ्यांना सांगत फिरले, शिकली आणि शिष्ट झाली.

त्या मुलीला मी म्हटलं, "मी चुकून नाही म्हणाले. हे मला मोठ्या बाईंना सांगावं लागणार. आत्ताच." ती रडली. माझं बोट सोडेना, आणि मलाच खोटारडी म्हणत होती. रेडिओला तिच्याजवळ बसवलं आणि मी गेले. त्याच दिवशी तिची आई आली, साध्या कपड्यांतल्या पोलीसबाई आल्या, व्हॅन बंद झाली. रेडिओनं आजवर एक अक्षर बाहेर काढलेलं नाही. मी विचारलं, तुला पचलं कसं? तर म्हणाली, असलं काय गप्पांत सांगायचं असतं? मीच खाली बघितलं.

मुलगी दोन आठवडे माझ्याशी बोलली नाही, समोरून नाक वर करून जायची. काल आली आणि बूट पुढे केला. मी नाडी बांधत होते, तेव्हा म्हणाली, आता बाबा सोडायला येतात, पण फार हळू चालतात, प्रत्येक कुत्र्याशी बोलत बसतात. चांगली तक्रार करत होती. मला इतकं बरं वाटलं की गाठ दोनदा चुकली.

आता विचारते. शनिवारी, सोळा तारखेला पालकांची सभा आहे. पालक कुरकुरतात, या नियमांनी शाळेचं कोर्ट केलं म्हणतात. मीही हेच म्हणत होते, म्हणून मोठ्या बाईंनी मलाच बोलायला सांगितलंय. त्या मुलीचं बोलायचं नाही, तसा नियम आहे आणि बरोबर आहे. मला आपलं बोलायचंय. तुझं नाव नाही, घर नाही. दोन बहिणी होत्या, एकीनं सांगितलं, दुसरी गप्प बसली, एवढंच. पण ते तुझं आहे. मोठी झाल्यावर तरी तुला विचारायला हवं होतं, ते विचारलं नाही. आता विचारल्याशिवाय तोंड उघडणार नाही.

माफी कशी मागतात मला येत नाही. मागितली असं समज. राग हवा तितकी वर्षं धर, मी आहे.

पण या एका गोष्टीला वर्षं नाहीत. शुक्रवारी, पंधरा तारखेला, साडेअकरा ते बारा मधली सुटी असते. शाळेचा नंबर पाठीमागे लिहिलाय. मी ऑफिसात फोनजवळ बसलेली असेन. नाही म्हणालीस तर कागदावरचे नियम वाचून दाखवीन आणि खाली बसेन. हो म्हण, नाही म्हण, शिव्या घाल. पण शुक्रवारी बारापर्यंत मला तुझ्या तोंडून ऐकायचंय.

तुझी ताई
(अजून असेन तर)