गिरीधरदादाची ओळ

७ जानेवारी २००८, सोमवार
आलो एकदाचा चेन्नईत. तिरुवल्लिकेणीत एका मॅन्शनमध्ये खोली मिळाली, तिसरा मजला, खोली नंबर एकतीस. मॅन्शन म्हणजे नावाला, आत सगळे लग्न न झालेले बाप्ये आणि दोरीवर लुंग्या. खिडकीतून समुद्राचा वारा येतो. खाली इडली झकास. नववी नापास पोराला याहून काय पाहिजे? जिंतुरात चार वर्षांत पाच नोकऱ्या केल्या, कुठं बूड टेकलं नाही. इथं टेकणार, काम होईस्तोवर.

ऑफिस नुंगंबाक्कमला, बसनं अर्धा तास. सहा माणसं. मासळीच्या शीतगृहांची दारं, दिवे, पंखे कॉम्प्युटरवरून चालवायचा प्रोग्राम इथं बनतो. मालक दत्ताजीराव तंजावरकडचे. त्यांची मराठी ऐकून हसू दाबावं लागलं, जुन्या पोथीतली वाटते, त्यात मध्येच तमिळ. मला विचारलं, तुम्हांस भोजन झालें काय, नाही तर मुरुगन मेसांत जावें, सरि? मी म्हटलं, झालं साहेब. गोड बोलतात. बोलू द्या.

माझं काम तपासणीचं. मेनू उघडायचा, बंद करायचा, कसा बंद झाला ते वहीत लिहायचं. त्याच वहीत मागच्या बाजूनं ही रोजनिशी लिहितोय.

आणि खुर्ची दिलीय ती गिरीधरदादाची. माझा मावसभाऊ. आडनाव वेगळं, त्यामुळं इथं कुणाला माहीत नाही. मागच्या ऑगस्टमध्ये इथल्याच जवळच्या कोवलमच्या शीतगृहात दादा आत अडकून गोठून मेला. मावशीला पत्र गेलं की त्याच्याच प्रोग्राममधली चूक. दादा चूक करणारा नव्हता. कुणी केली ते शोधायचं आणि त्याला तसंच आत घालायचं. एवढ्यासाठी आलोय.

९ जानेवारी
नंदिता म्हणून प्रोग्रामर आहे, तिच्याकडं शिकतोय. मराठी घरातली, पण तमिळ बरी येते म्हणते. माझ्या इंग्रजीवर म्हणाली की तुमचं इंग्रजी ऐकून कॉम्प्युटर रजेवर जाईल. पण समजावते छान.

माऊसचं उजवं बटण दाबलं की छोटा मेनू उघडतो: दार उघडा, दार लावा, दिवा. तो बंद व्हायची कारणं पाच. बाहेर कुठं क्लिक केलं, त्यातलं काही निवडलं, कीबोर्डवरून घालवला, दुसरी खिडकी पुढं आली, किंवा प्रोग्रामनंच बंद केला. प्रत्येक कारणाला नंबर, शून्य ते चार. प्रोग्राम तो नंबर वेळेसकट नोंदीत लिहितो.

गंमत अशी की बंद व्हायच्या आधी मेनू प्रोग्रामला विचारतो, होऊ का बंद? प्रोग्रामनं नको म्हटलं की तो तसाच उघडा. हे 'नको' एका ओळीचं असतं. दादानं ती ओळ लिहिली होती, असं नंदिता म्हणाली. काही निवडल्याशिवाय मेनू मिटायचाच नाही.

दादा जिंतूरला त्याचे प्रोग्राम मेलनं पाठवायचा. मी नेटकॅफेत तपासायचो आणि फोनवर त्याची खेचायचो. माऊस धरायला त्यानंच शिकवलं मला.

१४ जानेवारी, भोगी
सगळे लवकर घरी गेले. रस्त्यावर जुन्या चटया जाळतायत. मी दादाच्या दिवसाची नोंद काढली.

अकरा चाळीसला दार लागलं, दादा आत. आत माणूस असला की गारवा कमी होतो, म्हणून तापमानाच्या इशाऱ्याची खिडकी दर पाच-सहा सेकंदांनी पुढं यायची. ती आली की मेनू बंद. वॉचमन म्हातारा, जन्म होडीत गेलेला, माऊस सरकवायला त्याला वेळ लागायचा. तो मेनू उघडतोय, बाण 'दार उघडा'कडं नेतोय, तेवढ्यात मेनू गायब. चौदा वेळा. चौदा ओळी, सगळ्यांपुढं एकच कारण, दुसरी खिडकी. मग तो चावी आणायला गावात धावला. आत उणे चाळीस, आतली मूठ बर्फानं धरलेली, दादाला दमा.

दादाची ओळ असती तर मेनू हलला नसता. मग ओळ कुठं गेली? प्रोग्राममध्ये पाहिलं. काढलीय. अपघाताच्या तीन दिवस आधी.

कोण काढणार? मालकाशिवाय हात लावायची कुणाची छाती? दत्ताजीराव, तुमचं भोजन झालें काय?

१८ जानेवारी
आज अकरा चाळीसला मेनू आपोआप उघडला. माझा हात चहाच्या पेल्यावर होता. बाहेर क्लिक केलं, जाईना. एस्केप दाबलं, जाईना. मग स्वतःच मिटला. परत उघडला. मी मोजलं, चौदा वेळा.

नोंद बघितली. कारणाच्या जागी पाच. नंदिता म्हणाली की पाच नंबर नाहीच, शून्य ते चारच असतात, तुम्ही काहीतरी दाबलं असणार. मी काही दाबलं नव्हतं. कीबोर्ड मात्र इतका गार लागत होता की बोटं झटकावी लागली.

मला भीती वाटली नाही. दादा बोलतोय. घाई कर म्हणतोय.

२३ जानेवारी
रोज अकरा चाळीस. रोज चौदा. आज कळांच्या फटींत पांढरं साचलेलं, बोट लावलं तर बर्फ.

मुद्दाम साहेबांना माझ्या खुर्चीवर बसवलं. काहीच झालं नाही. नंदिताला बसवलं, तरी नाही. ती म्हणाली, हे भूत तुमच्यावरच खूश दिसतंय. मी उठलो की गप्प, बसलो की सुरू. दादाला माहितीय हत्यार कुणाच्या हातात द्यायचं.

साहेबांनी ठरवलंय, ३१ तारखेला कोवलमला जाऊन नवा प्रोग्राम बसवायचा. स्वतः आत जाऊन पंखे बघणार. मला म्हणाले, तुम्ही संगती यावें. येतो की साहेब.

२९ जानेवारी
आज मिस्त्रीबरोबर तारा तपासायला कोवलमला गेलो. होड्या, जाळी, मासळीचा वास, आणि त्या सगळ्याच्या मागं ती पांढरी खोली. दाराला हाताएवढी काच. काचेसमोर टेबल, टेबलावर कॉम्प्युटर.

अपघातानंतर आतून दार उघडायला नवी मूठ बसवलीय. मिस्त्री विडी ओढायला गेला तेव्हा मुठीचा स्क्रू काढला आणि खिशात टाकला. मूठ नुसती टेकवून ठेवलीय, ओढली की हातात येईल. परवा साहेब आत, मी बाहेर माऊसवर. चौदा वेळा उघडीन. चौदा वेळा.

झोप लागेना, पण चांगलं वाटतंय.

३१ जानेवारी, बसमध्ये
कोवलमची बस. साहेब शेजारी. गाडी असून बसनं जातात, गिरीधरासंगती असेंच जात होतों म्हणाले.

मग स्वतःहूनच बोलले. म्हणाले, ओळ काढूं नको असें गिरीधरास मींच सांगितलें. ऐकिलें नाहीं. त्याचा धाकटा भाऊ गांवाकडे कोण की एक होता. दोन दिवस हांसला म्हणे, तुझा मेनू म्हणजे जेवण झाल्यावरही न उठणारा पाहुणा. गिरीधर म्हणाला, माझ्या भावास आवडत नाहीं तें कोणासही आवडणार नाहीं. रात्रींच काढून टाकली. चूक त्याची असें पत्रांत लिहिलें, कारण त्या भावाचें नांव मातेस कळूं नये.

खोटं बोलतोय. मला फसवतोय.

पाहुणा. हा शब्द मीच — फोनवर — नेटकॅफेत उभा राहून. दोन दिवस. दादा हसला होता तेव्हा. हसून म्हणाला होता, बरं बाबा, काढतो.

पाच नंबर. माझ्याच खुर्चीवर. माझ्याच.

स्क्रू खिशात आहे. साहेब आत जायच्या आधी लावतो. त्यांना कळणारही नाही.

३१, ११:४३, आत
मूठ लावायला आलो. साहेब बाहेर वॉचमनशी बोलत होते. कुणी काही दाबलं नाही. दार लागलं.

११:५०
स्क्रू बसेना. बोटं वळत नाहीत. पडला. बर्फात कुठं — सापडत नाही. पंखे सुरू झाले.

काचेतून पडदा दिसतो. साहेब खुर्चीवर. चष्मा कपाळावर. मेनू उघडला. बाण सरकला. बंद.
एक.

सवयीनं लिहितोय. वहीच हातात आहे. लिहिलं की बोटं हलतात.

दोन. बंद.
तीन. इशाऱ्याची खिडकी आली नाही. तरी बंद.
चार. कारण दिसत नाही इथून. माहितीय मला.

पाच, सहा. नवा प्रोग्राम आहे. त्यात दादाची ओळ परत घातलीय, मी स्वतः तपासलीय. बंद व्हायला नको. बंद.

साहेब रडतायत का? माझं नाव घेतायत. त्यांना आत घालणार होतो मी. ते मला —

आठ. सात लिहायचा राहिला.

वॉचमन चावी आणायला धावला. गावात. परत गावात.

दहा
दादा मी नुसतं म्हणालो होतो

बारा. श्वास कागदावर पांढरा. शेजारी दुसरा — माझा नाही. धाप लागल्यासारखा. शिट्टी वाजते तसा, दमेकऱ्याचा

तेरा बंद

साहेब काचेपाशी आलेत. तळवा टेकवलाय. खुर्ची रिकामी.

चौदा
उघडला. माऊसवर कुणी नाही. मिटत नाही. तसाच आहे. बाण 'दार उघडा'वर उभा. दाबत नाही. अडकलाय. तुझा मेनू अडकलाय दादा
मी हसत नाही
दाब ना
दादा दा—