सुरवंटांची बाजू

ता. ४ ऑगस्ट

चि. खारूस अनेक आशीर्वाद.

फोन उचलत नाही म्हणून रागावली आहेस. पण फोनवर माझी जीभ अडली की पलीकडचा नुसता हॅलो हॅलो करत राहतो. कागदावर मी कधी अडखळत नाही, म्हणून हे पत्र.

इथे कुंपणावरून जुंपली आहे. वर्कशॉपमधून निवृत्त झाल्यावर मी स्वतः वेल्डिंग करून उभ्या केलेल्या कुंपणावर कृष्णकमळ आता मावत नाही. त्यावर काटेरी, तांबूस सुरवंट आले आहेत, शेकड्यांनी. चार-दोन पलीकडे हेडमास्तरांच्या अंगणात उतरले, तर त्यांच्या सूनबाई दोन दिवस बाहेर पडल्या नाहीत. हेडमास्तर निवृत्त झाले, त्यांची छडी झालेली नाही. सतरा तारखेला, रविवारी, त्यांनी आपल्या व्हरांड्यात शेजाऱ्यांची बैठक बोलावली आहे. सोमवारी फवारणीवाला येणार. वेलात बुलबुलाचं घरटं आहे, तीन अंडी. तोवर पिल्लं बाहेर येतील आणि विषारी फवारा थेट त्यांच्यावर.

तुझी आई असती तर तिने हे चार वाक्यांत मिटवलं असतं. आयुष्यभर माझ्या वतीनं तीच बोलली. तेव्हा तूच हेडमास्तरांना एक फोन कर. नर्स आहेस, तुझा शब्द ते मानतील.

जेवणाची हयगय करू नकोस. माया आहेच, ती लिहायला नको.

तुझा
बाबा

ता. ९ ऑगस्ट

ती. बाबांना साष्टांग नमस्कार, वि. वि.

मी फोन करणार नाही. रागावू नका. मी सुरवंटांना ओळखत नाही, त्या बुलबुलांनाही नाही. रोज सकाळी वेलाशी तासभर कोण उभं असतं? मी दुरून बोलले तर हेडमास्तर ‘हो हो’ म्हणतील आणि फवारतील. तुम्ही जा. आमच्या वॉर्डात लकव्यातून उठलेले आजोबा आहेत, एकेक शब्द खणून काढतात. आम्ही थांबतो. थांबायला काही लागत नाही बाबा, फक्त थांबावं लागतं.

आणि वेल त्यांच्या पन्हळीत शिरला असेल तर तेवढं आधीच कबूल करा. तुमचा वेल मला ठाऊक आहे.

आपली
खारू

ता. १८ ऑगस्ट

चि. खारूस अनेक आशीर्वाद.

जाऊन आलो. सात-आठ जण होते. माझी पाळी शेवटी आली. उभा राहिलो आणि ‘कृ’वरच अडकलो. समोरच्या काकू चपलांकडे बघू लागल्या. हेडमास्तरांनी चांगल्या मनानंच शब्द पुरवला. मग दुसराही पुरवला. तिसऱ्या वेळी मात्र माझ्या तोंडून निघालं, “मा-मास्तर, माझं वाक्य मला पु-पुरं करू द्या.”

हेडमास्तर खुर्चीत मागे टेकले. मी बरोबर नेलेल्या बाटलीतून एक सुरवंट काढून तळहातावर ठेवला. तो मनगटावरून कोपरापर्यंत चालत गेला, आणि मी बोलत गेलो. याचे काटे दिसायलाच. माझ्या हातावर रोज फिरतात, अजून कधी खाज आलेली नाही. हे कृष्णकमळाचा पाला खातात, हेडमास्तरांच्या गुलाबांच्या वाटेला जात नाहीत. पंधरवड्यात याचं फुलपाखरू होईल. घरट्यात तीन पिल्लं आहेत, अजून डोळेही न उघडलेली. पन्हळीत शिरलेला वेल माझी चूक, तो उद्या मीच छाटतो. एवढ्याला पाव तास लागला. कुणी उठलं नाही.

शेवटी सूनबाईंनी घाबरत घाबरत हात पुढे केला. सुरवंट त्यांच्या बोटावर चढला तेव्हा त्यांनी श्वास रोखला होता, पण हात मागे घेतला नाही. फवारणी रद्द झाली. आज पन्हळ साफ करताना शिडी हेडमास्तरांनी धरली होती. पोरी, घरी मी ताठ चालत आलो.

तुझा
बाबा

ता. २३ ऑगस्ट

ती. बाबांना साष्टांग नमस्कार, वि. वि.

पत्र तीनदा वाचलं. वॉर्डातल्या आजोबांनाही वाचून दाखवलं. ते बराच वेळ जुळवून म्हणाले की तुझा बाप मर्द गडी आहे. मी म्हटलं, आहेच.

एक गोष्ट कधी सांगितली नव्हती. सातवीत, वडिलांनीच यावं असं लिहिलेली पालकसभेची चिठ्ठी मी तुम्हाला दिलीच नव्हती. फाडून टाकली. तुम्ही वर्गासमोर अडखळाल, पोरं हसतील, याची मला लाज वाटत होती. आईला म्हटलं, सभा झालीच नाही. इतकी वर्षं ते मनात खुपत होतं. आज लिहिते आहे, कारण आता लाज वाटते ती माझी.

मला मुख्य परिचारिका केलं आहे. बारा सप्टेंबरला छोटा समारंभ आहे. त्यात घरच्यांपैकी एकानं दोन शब्द बोलायचे असतात. मी तुमचं नाव दिलं आहे, तुम्हाला न विचारता. किती वेळ लागेल, असं समारंभ ठरवणाऱ्यांनी विचारलं. मी सांगितलं, लागेल तेवढा.

वाट बघते आहे.

आपली
खारू