तेवीस बॉक्स, पत्ता नंतर कळवू

२ जानेवारी, सकाळी
ठरलं. या वर्षी घर सोडायचं. भाड्याने की विकत, हा तपशील झाला. मुख्य गोष्ट निर्णय, आणि तो झालेला आहे. वय बत्तीस. उशीर झालेला नाही.

कारण लिहून ठेवतो, म्हणजे पुढे मन डळमळणार नाही. माझ्या खोलीला आतून कडी नाही. चार वर्षांचा असताना मी स्वतःला आत कोंडून घेतलं, मग उघडता येईना म्हणून भोकाड पसरलं. बाबांनी बाहेरून खांदा मारला, कडी उचकटली. ती परत बसलीच नाही. स्क्रूची चार भोकं अठ्ठावीस वर्षं माझ्याकडे बघतायत. आई दार न वाजवता येते. मी विचारलं तर म्हणते, कडी नाही तर वाजवायचं कशाला?

३ जानेवारी
लोकांची चूक कुठे होते ते मला माहीत आहे. पॅकर्स-मूव्हर्समध्ये सर्व्हेला जातो मी. परक्या घरात जायचं, सामान बघायचं आणि सांगायचं, इतके बॉक्स, इतकी माणसं, एवढा टेम्पो. नऊ वर्षांत अंदाज एका बॉक्सच्या वर चुकलेला नाही. सगळे आधी घर शोधतात आणि शेवटच्या दोन दिवसांत पॅकिंगला लागतात. मग रडतात. मी उलट करणार. आधी पॅकिंग. घर मिळालं की फक्त उचलायचं.

५ जानेवारी, संध्याकाळी
तेवीस बॉक्स. नंबर घातले, प्रत्येकात काय आहे त्याची यादी भिंतीला चिकटवली. खोली बघून ऊर भरून आला. बाबा दारात उभे राहिले. म्हणाले, कुठे मिळालं घर? म्हटलं, मिळेल. म्हणाले, बरं. आईने विचारलं, मग आज जेवायला आहेस ना?

६ जानेवारी
मोजे सात नंबरमध्ये. सात नंबर सगळ्यात खाली.

१९ जानेवारी
पहिलं भाड्याचं घर बघितलं. उजेड चांगला, मालक बरा. पण जिन्याचं वळण अरुंद. तीन दारी कपाट वळणार नाही. एजंट म्हणाला, तुमच्याकडे आहे का तीन दारी कपाट? नाही. पण उद्या घेतलं तर? या लोकांना दूरदृष्टी नसते.

११ फेब्रुवारी
दुसरं घर. पसंत. मालकाने संध्याकाळपर्यंत उत्तर मागितलं. शांत डोक्याने विचार करायला घरी येऊन आडवा झालो. आईने पांघरूण घातलं असावं, कारण जाग आली तेव्हा सकाळ होती. घर दुसऱ्याला गेलं. बरंच झालं. जो मालक देताना घाई करतो तो काढतानाही करतो.

८ मार्च
भाडं भरणं म्हणजे दुसऱ्याच्या झाडाला पाणी घालणं. विकतच घ्यायचं. नव्या बिल्डिंगचा सँपल फ्लॅट बघून आलो. नवखा माणूस फसला असता, मी नाही. पलंग साडेपाच फुटी होता. खोली मोठी दिसावी म्हणून मुद्दाम करतात. मग लक्षात आलं, बेडरूमला दारच नाही. सेल्सच्या मुलीला विचारलं. ती म्हणाली, सर, सँपलमध्ये दारं लावत नाही आम्ही, मोकळं वाटतं. म्हटलं, बिनदाराची खोली मला घरी फुकट आहे. ती खूप हसली. मी विनोद केला नव्हता.

पुन्हा भाड्याकडे. हे माघार घेणं नाही. अभ्यास पूर्ण झाला.

२ एप्रिल
आईला यादी फार आवडली आहे. आधी घरात काही सापडायचं नाही, आता सगळं नंबरवर सापडतं. तिने स्वतःच्या वस्तूही माझ्या बॉक्समध्ये घालून यादीत शेवटी लिहायला सुरुवात केली आहे. आज ताईला फोनवर सांगत होती, अगं, टॉर्च ना, ती सतराच्या पोटात. बाबा चार नंबरवर बसून बूट घालतात. बारा नंबरवर इस्त्री होते. सोडताना त्यांना जड जाणार आहे.

२१ मे
सर्व्हेला एका जोडप्याकडे गेलो. नुकतं लग्न झालेलं, आईवडिलांकडून बाहेर पडायला घाबरत होती दोघं. मी त्यांना वीस मिनिटं समजावलं. घर सोडलं म्हणजे माणसं सुटत नाहीत, वगैरे. मुलीच्या डोळ्यांत पाणी आलं. तिसऱ्या दिवशी टेम्पो गेलासुद्धा. तिने विचारलं होतं, तुम्ही कुठे राहता? म्हटलं, सध्या ट्रान्झिटमध्ये.

१४ जून
सात नंबर आजवर एकेचाळीस वेळा उघडून बंद केला. टेपचे रोल ऑफिसातून आणले होते. साहेब म्हणाले, घरी काय पार्सल सेवा सुरू केलीस काय रे?

९ ऑगस्ट, दुपारी
मिळालं! गच्चीवरची एकच खोली. जिना सरळ. खिडकी. आणि दाराला आतून कडी. वर, डाव्या हाताला. एजंटला म्हटलं, जरा बाहेर थांबा. कडी लावली आणि आत उभा राहिलो. चार मिनिटं. घड्याळ लावून. एजंटनेच मग दार वाजवलं, म्हणाला, साहेब, ठीक आहात ना?

सोमवारी टोकन देतो. सुटलो.

१० ऑगस्ट
चार मिनिटं कोणीच आलं नव्हतं. एजंट आला, पण तो धरत नाही. आई चहा घेऊन नाही, बाबा नेलकटर शोधत नाहीत. काही आवाजच नाही.

नीट आठवून बघितलं तर ती कडी हलक्या ॲल्युमिनियमची होती. शिवाय खिडकी पश्चिमेला. उन्हाळ्यात खोली तापणार. एजंटला नकार कळवला. तत्त्वाचा प्रश्न आहे.

४ सप्टेंबर
आज जेवताना ठामपणे सांगितलं, दोन महिन्यांत मी बाहेर पडतोय, नक्की. आई भाजी वाढताना थांबली. म्हणाली, नक्की ना? तसं सांग बाबा, उगीच आम्हाला टांगणीला ठेवू नकोस. म्हटलं, नक्की म्हणजे नक्की. बाबा उठले, चष्मा लावला आणि कॅलेंडरवर खूण केली.

२० सप्टेंबर
दोघं स्वयंपाकघरात कुजबुजतात. मी गेलो की आई उगाच नळ सोडते. मी जाणार म्हणून मनाची तयारी चाललेली असणार. मायेने वागायला हवं. आज भांडी मी पुसली. आईने माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाली, तिथे कोण करणार रे तुझं? म्हटलं, मी करेन. म्हणाली, हो, मोठाच झालास तू.

१२ ऑक्टोबर
रोज संध्याकाळी दोघं बाहेर जातात. आईचे गुडघे दुखतात, तरी तीन जिने उतरून जाते आणि चढून येते. विचारलं तर म्हणतात, फिरायला. एकटेपणाची सवय करत असतील. असं एकेक आत्ताच शिकलेलं बरं. मी नसताना उपयोगी पडेल.

१० नोव्हेंबर
ऑफिसात सर्व्हेचा कागद मिळाला. पत्ता माझ्याच घराचा. साहेबांना म्हटलं, चेष्टा कोणी केली? ते म्हणाले, चेष्टा कसली? बाईंचा फोन होता. नवरा-बायको दोघंच, तळमजल्यावरच्या एका खोलीत जातायत, मुलीच्या घराजवळ. गुडघ्यांना जिने होत नाहीत म्हणाल्या. आणि मुलगा बाहेर पडतोय, त्याचं पॅकिंग जानेवारीतच झालंय. फार कौतुकाने सांगत होत्या रे!

टेप आणि फॉर्म घेऊन घरी गेलो. आईने दार उघडलं, म्हणाली, या साहेब, पाणी घेता? तिला हसू आवरत नव्हतं. मी विचारलं, मला का नाही सांगितलं? म्हणाली, तुझ्या जाण्याच्या आड आपली अडचण नको आणायला. उगाच थांबला असतास. गेली चार वर्षं आम्ही तुझ्यासाठीच हे जिने चढतोय रे, तुझी खोली मोडायला नको म्हणून. तू तारीख दिलीस आणि मोकळं वाटलं. या घराच्या मालकाला सोडायची नोटीस दिली. तीन आठवड्यांत मिळाली जागा. बाबा म्हणाले, तुझं बघूनच हिंमत केली आम्ही.

सर्व्हे केला. एकेचाळीस बॉक्स, चार माणसं, मधला टेम्पो. शिवाय तेवीस बॉक्स आधीच भरलेले. शेऱ्यात लिहिलं, पत्ता नंतर कळवू.

निघताना बाबांनी हत्यारांच्या डब्यातून काहीतरी काढलं आणि हातावर ठेवलं. कडी. तीच. जरा वाकलेली, पण तेल देऊन पुसलेली. चार स्क्रू कागदात गुंडाळलेले. म्हणाले, तेव्हाच बसवायला हवी होती. तू किती रडला होतास, ते आठवायचं आणि हात उचलायचा नाही. नव्या घराला लाव.

१८ नोव्हेंबर
वीस दिवस आहेत पूर्ण. वीस दिवसांत लोक देश बदलतात. गच्चीवरच्या खोलीसाठी एजंटला फोन केला. ती ऑगस्टमध्येच गेली. राहायला कोण आलं विचारलं. म्हणाला, तुमच्याच वयाचा एक आहे, आईवडिलांबरोबर राहायचा आधी. खूश आहे, साहेब.

८ डिसेंबर
शिफ्टिंग झालं. नऊ वर्षांत पहिल्यांदा माझा अंदाज चुकला. बॉक्स बरोबर निघाले, एक माणूस जास्त निघाला.

नव्या जागेत एक खोली आणि स्वयंपाकघर. आई-बाबा खोलीत, मी स्वयंपाकघरात फोल्डिंगच्या खाटेवर, पाय फ्रीजला टेकलेले. खोली आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये दार नाही. मोकळं वाटतं. आई ताईला फोनवर म्हणाली, हो गं, आहे इथेच, चार दिवस.

तेवीस बॉक्स इथे मावणं शक्यच नव्हतं. आमच्याच कंपनीच्या गोदामात एक गाळा घेतला. स्टाफला सवलत असते.

२१ डिसेंबर, रविवार, दुपारी
वर्षाचा हिशेब मांडायचा तर ठरवल्याप्रमाणे बरंच झालं. जागा आहे. भाड्याची, माझ्या नावावर. दर पहिल्या तारखेला भाडं भरायचं. किल्ली माझ्याकडे. आठ फूट बाय सहा, वळण सरळ, तीन दारी कपाटही आलं असतं. माझ्या सामानाने आईवडिलांचं घर सोडलं आहे. निम्मं काम झालं.

आज तिथे जाऊन बारा नंबरवर बसलो. बरं वाटलं. शटरशेजारी एक छोटं लाकडी दार आहे. त्याला कडी लावून बघावी म्हणून स्क्रूड्रायव्हर नेला होता. दोन स्क्रू बसले होते तेवढ्यात वॉचमन आला. म्हणाला, आतून कडी लावायची नाही, दादा. इथे कुलूप फक्त बाहेरून. सामान ठेवतात इथे, माणसं नाही.

स्क्रू काढले. आईचा फोन आला, फरशी गार लागते रे बाबांना, येताना लोकरीचे मोजे घेऊन ये.

कडी खिशात घातली. मोजे सात नंबरमध्ये. सात नंबर सगळ्यात खाली.