पापड मऊ होता त्या दिवशी

वाडी, नागपूर
रविवार

प्रिय उन्मेष,

शाळेत पत्रलेखनात 'प्रिय' लिहिलं नाही तर गुण कापत, म्हणून लिहिलं आहे. त्यात दुसरं काही शोधत बसू नकोस. शेवटी सहीच्या वर काय लिहायचं ते अजून ठरलेलं नाही. तिथवर पोचले की बघीन.

तुझा व्हिडिओ पाहिला. आमच्या लॅबमधल्या दीपमालाने जेवणाच्या सुट्टीत दाखवला. म्हणाली, "हा तुझ्या कॉलेजचा ना वं? काय मस्त समजावून सांगते!" काळा एप्रन, त्यावर रंगाचा एक थेंब नाही. हातात निळे हातमोजे, नवेकोरे. समोर रिमोटवर पळणाऱ्या जीपची प्लास्टिकची बॉडी. आणि मग घरातलं गुपित सांगावं तसा आवाज खाली आणून तू ताटलीतला भाजलेला पापड उचललास. 'मॅट क्लिअर मारायच्या आधी मी नेहमी ही टेस्ट करतो. पापड कट्‌कन मोडला तर हवा कोरडी. वाकला तर स्प्रे गन खाली ठेवायची. आपलं नागपुरी सायन्स!' मी नेहमी. हे दोन शब्द म्हणताना तुझी पापणीसुद्धा लवली नाही. खाली लोकांनी टाळ्यांची चित्रं टाकली होती. येत्या शनिवारी तू याचाच वर्ग घेणार आहेस, फी भरून, जागा मर्यादित. मी तो पुन्हा लावायला सांगितला तेव्हा दीपमालाला वाटलं मला तुझा अभिमान वाटतोय.

तो पापड कोणाचा हे तुला माहीत आहे. बाबांच्या रंगकामाच्या शेडमधल्या पत्र्याच्या कपाटावर स्टीलची ताटली असायची आणि तिच्यात रोज सकाळी आई एक पापड भाजून ठेवायची. तू पहिल्यांदा आलास तेव्हा तो नाश्ता समजून खाल्लास. बाबा हसून म्हणाले होते, "खा गा खा, पण आता मले हवा कशी आहे ते कोण सांगन?" तेव्हा तूही हसलास. पुढे मित्रांना सांगताना मात्र तुझं हसणं वेगळं होतं. "पापडवाले काका," असं म्हणायचास. मला ते लाडाचं वाटायचं. प्रेमात पडलेल्या मुलीला काय काय लाडाचं वाटू शकतं, याचा नमुना म्हणून मला एखाद्या काचेच्या कपाटात ठेवायला हवं.

तू आमच्याकडे कशाला आला होतास, आठवतं? रिमोटच्या गाड्या पळवणाऱ्या तुझ्या क्लबच्या गाडीची बॉडी घेऊन. पारदर्शक, पातळ प्लास्टिकची. तिला रंग आतल्या बाजूने लावतात, म्हणजे गाडी कितीही आपटली तरी रंग खरवडला जात नाही, पण बाहेरून ती खेळण्यासारखी चकाकत राहते. तुला ती चकाकी नको होती. तुला खऱ्या जीपसारखी, धुळीतून आलेली वाटणारी बॉडी हवी होती. म्हणून तू बाहेरून बाजारातला मिळेल तो मॅट स्प्रे मारला होतास आणि पहिल्याच धडकेत त्याचे पोपडे निघाले होते. तुझ्या क्लबातल्या सगळ्या इंजिनिअरांना त्याचं कारण सापडलं नव्हतं. तीस वर्षं ट्रक रंगवणाऱ्या, चौथीत शाळा सुटलेल्या माझ्या बाबांनी बॉडी हातात घेतली, अंगठ्याने दाबली, वाकवली आणि म्हणाले, "हे तं वाकते गा. वाकणाऱ्या मालावर कडक साल चढवली तं ते फुटणारच. काहून डोकं खपवून राहिले तुम्ही?"

पुढचे तीन आठवडे ते तुमच्या मोडक्या बॉड्यांवर प्रयोग करत होते. प्लास्टिकवर चालणारा, सुकल्यावरही लवचिक राहणारा मॅट क्लिअर, म्हणजे चमक घालवणारा बिनरंगी थर, त्यांनी शोधून आणला. त्याआधी बॉडी भांड्यांच्या साबणाने धुवायची, बारीक पॉलिश पेपरने पाण्यात हलकेच घासायची, नंतर उघड्या बोटांनी शिवायचं नाही. गन एक वीत लांब, हात बॉडीच्या अलीकडून सुरू करून पलीकडे थांबवायचा, आणि एक जाड थर देण्याऐवजी तीन इतके पातळ की पहिला दिलाय का नाही अशी शंका यावी. मी सगळं वहीत लिहून घेत होते. आमच्या घरातली मी पहिली पदवीधर, रसायनशास्त्राची. डब्यावरचं इंग्रजी मी वाचून दाखवायचे, आणि त्याचा अर्थ बाबा मला समजावून सांगायचे. तुला ते दृश्य 'क्यूट' वाटलं होतं. मला वाटलं होतं की माझं शिक्षण पहिल्यांदाच कुठेतरी खऱ्या कामाला टेकलं.

आणि मी तुला ते स्वप्नही सांगितलं होतं. त्या शेडवर पाटी लावायची, बाबांनी स्वतःच्या हाताने रंगवलेली. वाडीतल्या गोदामांत खोकी बांधणाऱ्या पोरींना गन धरायला शिकवायचं. प्रत्येक पद्धत लिहून काढून सगळ्यांना फुकट वाटायची, फक्त ज्याने शोधली त्याचं नाव वर. तू मान डोलावत होतास. मान डोलावणं तुला फार सुंदर जमतं. माणूस ऐकतोय असंच वाटतं.

मग बुटीबोरीच्या त्या कारखान्याचं काम आलं. वर्धापनदिनाला कामगारांच्या मुलांसाठी शर्यत, चोवीस जीप. आतला मातकट हिरवा रंग मी दिला, रोज ड्यूटीवरून आल्यावर दोन-दोन बॉड्या. बाबांनी मॅट क्लिअर तयार करून डबा झाकून ठेवला. त्यातली चमक घालवणारी पूड तळाशी बसते. तुझ्यासमोर, तुझ्याकडे बघून सांगितलं की बांबूच्या कामटीने दहा मिनिटं ढवळायचं, पार तळापासून, मग कापडातून गाळायचं. ऑगस्ट होता. पापड त्यांनी उचलला तर तो चपातीसारखा वाकला. आत्या वारली होती, त्यांना काटोलकडे तेरवीपर्यंत राहायला जायचं होतं. निघताना चपला घालत पुन्हा म्हणाले, "पापड वाजल्याबिगर गनले हात लावायचा नाही. आठ दिवस हायेत, ऊन पडते." आणि तू म्हणालास, "हो काका, टेन्शन नका घेऊ."

आठ दिवस खरंच होते. कारखान्याला घाई नव्हती. घाई होती ती तुझ्या फोटोंना. शनिवारी तुमच्या क्लबची बैठक होती आणि तुला चोवीस जीप ओळीने मांडून सगळ्यांची तोंडं बघायची होती. मी बुटीबोरीला लॅबमध्ये ड्यूटीवर असताना तू शेड उघडलीस. परत आले तेव्हा तू नव्हतास. चोवीस बॉड्या दोरीवर टांगलेल्या होत्या. पहिल्या दहा-बारा आधीपेक्षा जास्त चकाकत होत्या, कारण तू डबा न ढवळता वरवरचं पातळ ओतून घेतलंस. उरलेल्यांवर राखेसारखा थर, कारण मग तू तळाची पूड चमच्याने खरवडलीस. आणि सगळ्यांवर ओल्या हवेचं पांढरं धुकं. बांबूची कामटी कोरडी, जागच्या जागी. ताटलीतला पापड अर्धा खाल्लेला. त्याच चमच्याला पूड चिकटलेली. गुन्हा करतानाही तुला आवरून ठेवावंसं वाटलं नाही, इतकी तुला खात्री होती की निस्तरायला दुसरं कोणीतरी आहे.

मॅट बिघडला तर पॉलिश करून सुधारता येत नाही. घासला की तिथे चमक येते, आणि ती आयुष्यभर दिसते. तरी मी रात्रंदिवस धडपडले, तू वर आणखी एक जाड थर दे म्हणालास, तोही दिला. शर्यतीच्या दिवशी पहिल्याच वळणावर दोन जीप आदळल्या आणि खपल्या उडाल्या. मुलं ओरडली, "ए, इसको कोढ हो गया!" कारखान्याचे साहेब विचारायला आले. तू हात पुसलेस आणि म्हणालास, "सर, पेंटर ट्रकवाला आहे. त्याने ट्रकचंच काहीतरी मारलं." आदल्या आठवड्यापर्यंत 'काका' होते. आमच्या ओट्यावर बसून तू तीनदा पिठलं मागून घेतलं होतंस. मी तिथेच उभी होते, तू छापून आणलेला क्लबचा टी-शर्ट घालून.

एवढ्यावर थांबला असतास तर मी तुला फक्त भित्रा म्हटलं असतं. पण बाबा तेरवीहून परतल्यावर तू घरी आलास. चेहऱ्यावर समजूतदारपणा, हातात मिठाईचा डबा. त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणालास, "काका, मिश्रण थोडं चुकलं. होतं असं. वयाबरोबर अंदाज जातो." एखाद्याचं तीस वर्षांचं नाव घ्यायचं आणि वर त्यालाच पेढा भरवायचा! उन्मेष, चोरसुद्धा घरातल्या माणसाची इतकी विचारपूस करत नाही.

 दुसऱ्या दिवशी बाबांनी गन थिनरने धुतली, जुन्या धोतरात गुंडाळली आणि कपाटावर टाकली. आता ते दुर्गेशकडे जातात. त्यांच्याच हाताखाली शिकलेला दुर्गेश. तिथे ते ट्रकचा जुना रंग खरवडतात, काचांना कागद लावून देतात. दुर्गेश त्यांना अजून उस्ताद म्हणतो, आणि तेच त्यांना सोसत नाही. तो कितीदा म्हणाला, "उस्ताद, एक हात मारून पाहा ना." तर म्हणतात, "नाही गा, आता अंदाज नाही राहिला." तुझंच वाक्य. ताटलीत पापड ठेवणं आईने बंद केलं. तुझं नाव निघालं की ती एवढंच म्हणते, "पिठलं खाल्लं पोट्ट्यानं, अन् जाताना ह्याइचा हात घेऊन गेला."

गेल्या रविवारी मी कपाट आवरायला काढलं. बाबांची एक सवय तुला माहीत नाही, कारण तिचा व्हिडिओ करता येत नाही. प्रत्येक मिश्रणाचा थोडा नमुना ते औषधाच्या बाटलीत भरून ठेवतात. दोन वर्षांनी एखादा ट्रकवाला तोच रंग मागायला आला तर हाताशी असावा म्हणून. ऑगस्टची बाटली तिथे होती, चिठ्ठीवर त्यांच्या वळणदार अक्षरात तारीख. तुझ्या चोवीस जीपचा तोच मॅट क्लिअर. हवा आता खणखणीत कोरडी आहे. मी पापड भाजला, मोडला, तो वाजला. बाटली दहा मिनिटं हलवली, गाळली. तुमच्या क्लबची एक मोडकी बॉडी पडली होती, तिच्या तुकड्यावर तीन पातळ थर दिले. चार दिवस सुकू दिलं. उन्मेष, तो तुकडा मी दुमडला, अगदी टोकाला टोक लागेपर्यंत. एक रेघ उमटली नाही. मऊ, शांत, धुळीतून आल्यासारखा. मिश्रणात काहीही चुकलेलं नव्हतं.

तुला वाटेल, एवढं कळवायला हाताने लिहिलेलं इतकं लांब पत्र कशाला, व्हिडिओखाली दोन ओळी टाकून ही मला उघडं पाडू शकली असती. शकले असते. पण मग मला एक गोष्ट लिहावी लागली नसती, आणि ती लिहायलाच मी बसले आहे. त्या संध्याकाळी तू पेढे ठेवून गेलास. बाबा उंबऱ्यावर येऊन बसले. मग त्यांनी मला विचारलं, "गोपे, तू तं शिकलेली आहेस. खरं सांग, माया हातून चुकलं काय वं?" मी क्लिअरचा डबा पाहिला होता. चमचा पाहिला होता. वाकलेला पापड पाहिला होता. आणि मी म्हणाले, "असेल, बाबा." का, तर दुसऱ्या दिवशी तुझा फोन यावा म्हणून. तुझ्या बोलण्याने ते खचले नसते. तुझ्यासारखे बरेच पाहिलेत त्यांनी. माझ्या 'असेल'ने खचले, कारण या घरात पदवी माझी आहे. तेव्हा वर तुला जे जे म्हटलं आहे, त्यातला अर्धा वाटा माझ्याकडे ठेवते. सात महिन्यांत तीनदा त्यांच्यासमोर तोंड उघडलं आणि तिन्ही वेळा भाजीला काय आणू ते विचारून आले. म्हणून हे पत्र. पाकीट मी चिकटवणार नाही. उद्या सकाळी बाबांच्या जेवणाच्या डब्यावर ठेवीन, सोबत तो दुमडलेला तुकडा आणि ताटलीत एक पापड. ते सावकाश वाचतात, रंगाऱ्याच्या नजरेने, प्रत्येक अक्षराचं वळण बघत. कामावर उशीर होईल, होऊ दे. वाचून झाल्यावर पत्र टाकायचं की फाडायचं ते तेच ठरवतील. तुला मिळालं, तर समज की त्यांनी स्वतः पेटीत टाकलं, आणि शनिवारी पापड उचलताना तो कोणाचा आहे ते नाव घेऊन सांग. नाही मिळालं, तर त्यांना त्याआधी कपाटावरची गन काढावीशी वाटली असेल, आणि मग तू काय सांगतोस याची आम्हाला गरज नाही.

बाबांचीच,
गोपिका