इथे या नावाचं कोणी राहत नाही

अण्णा, तुमच्यावरचा माझा राग अजून गेलेला नाही, हे आधीच सांगते. तुम्हाला जाऊन तीस वर्षं झाली. मी तीन महिन्यांसाठी लेकाकडे ऑस्ट्रेलियात, वेरिबीला आले आणि कोरोनाने विमानंच बंद झाली. घरापासून पाच किलोमीटरपलीकडे जायचं नाही. बसल्या बसल्या माणूस नको ते उकरून काढतं.

मला चार वर्षांची टाकून तुम्ही विलायतेला फाउंड्रीत कामाला गेलात. तुमच्या खोलीखाली चार गोऱ्या पोरांचा बँड तालीम करायचा, त्यांच्यात जाऊन ढोलकी वाजवलीत. ते गाणं म्हणे तिकडे घराघरांत वाजलं. मग आजीच्या आजारपणात परत आलात, आणि "दुसऱ्या रेकॉर्डला बोलावतील" म्हणत एक नोकरी धड धरली नाहीत. आई लोकांचे ब्लाऊज शिवतेय आणि तुम्ही अकरा वाजता दारात, पोस्टमनची वाट बघत. बोलावणं कसलं नि काय! मला बघायला आलेल्या पाहुण्यांसमोर पुन्हा तेच सुरू केलंत, तेव्हा मी तोंडावर म्हटलं, "अण्णा, पुरे करा थापा." त्यानंतर मरेपर्यंत तुम्ही बँडचा विषय काढला नाहीत.

परवा नातीने लॅपटॉपवर ते गाणं शोधलं. "आजी, इज दॅट युअर डॅड?" ढोलकी तुमचीच, अण्णा. मी लगेच ओळखली. खाली त्यांच्या गायकाची मुलाखत होती. म्हातारा आपल्या स्वयंपाकघरात बसून सांगत होता, की दुसऱ्या रेकॉर्डसाठी त्यांनी तुम्हाला पत्र घातलं होतं. असा माणूस तिथे राहत नाही, असा शेरा घेऊन ते परत गेलं. तुमच्याशिवाय काढलेली रेकॉर्ड आपटली, बँड मोडला, पुढे कोणी विचारलंही नाही.

पासपोर्टवर तुमचं जुनं, जात सांगणारं आडनाव होतं. परत आल्यावर ते टाकलंत आणि आम्हाला पढवलंत, "त्या नावाने कोणी विचारत आलं, तर सांगायचं, इथे या नावाचं कोणी राहत नाही." त्या जुन्या नावाने ते पत्र आलं, त्या दिवशी तुम्ही विहारात गेला होतात. पोस्टमन नवा होता. नऊ वर्षांच्या मी ताठ मानेने त्याला तेच सांगितलं.

तुमचंच शिकवलेलं बोलले, असं मी नातीला सांगितलं. तिला ते पटलं. हे पत्र कुठल्याच पेटीत पडणार नाही, म्हणून तुम्हाला खरं सांगते. पाकिटावर विलायतेच्या राणीचं तिकीट होतं. मी ते पाहिलं होतं. तुम्ही पुन्हा गेला असतात, अण्णा.