दीड एमएमची वायर

११ जानेवारी

चि. शेठ यास,

धाकट्या भावाला आशीर्वाद लिहायची रीत आहे म्हणून अनेक आशीर्वाद. माझी तब्येत बरी आहे. तुझी विचारत नाही, कारण परवा दुकानाच्या काचेतून दिसलास, चांगला टुमटुमीत झाला आहेस. मला पाहून लगबगीने गोदामात शिरलास तेही दिसलं. फोन तू उचलत नाहीस, म्हणून हा कागद.

आई-बाबांना भेटले. अंगणाच्या पार टोकाला बांधलेली त्यांची नवी खोली पाहिली. आईला जिना चढवत नाही हे खरं, आणि तिच्या प्राणवायूच्या मशीनच्या घरघरीने तुम्हा दोघांची झोपमोड होते हेही खरं. कुठलं खरं जास्त खरं, ते तुझं तू ठरव. फरशी गुळगुळीत, खिडक्या ऐसपैस, छताला तुझ्या दुकानातले शोभेचे दिवे. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. मी गिझर लावला, थंडी होती म्हणून हीटर लावला, तर दिवे मलूल झाले आणि आईचं मशीन कोकलायला लागलं.

मीटर माझ्या पिशवीत असतोच. घरातल्या मेन बोर्डवर दोनशे बावीस व्होल्ट, खोलीत दोनशे पाच. सतरा व्होल्ट वाटेतच गडप! दोनशे सातच्या खाली मशीन नीट चालणार नाही, असं त्याच्या पाठीवर छापलंय. बोर्ड उघडला. आत दीड एमएमची वायर. घरापासून चाळीस मीटर, आणि त्या एका वायरवर गिझर, हीटर, मशीन, सगळं मिळून सतरा अँपिअर. वायरीच्या पाइपला हात लावला तर भर थंडीत कोमट. ही वायर दुकानातून तूच काढून दिलीस ना? त्या गल्ल्यावर बसतोस, समोर बारीक-जाड वायरींची भेंडोळी टांगलेली असतात, आणि एवढ्या लांब एवढ्या ओझ्याला चार एमएम लागते हे तुला कळत नाही? दुकान तुझ्या वाट्याला आलं आणि काम माझ्या. तरी इतका कोरडा राहिला असशील असं वाटलं नव्हतं.

ज्याने हे काम केलं त्याला शिव्या घालायला मी तोंड उघडलंच होतं. पण बोर्डातले जोड पाहिले. एकेक पीळ सारखा. टेपचं टोक दुमडून ठेवलेलं, पुढे कधी कोणाला जोड सोडवावा लागला तर ते नखात धरता यावं म्हणून. असं टोक दुमडणारी दोनच माणसं मला माहीत आहेत. त्यातली एक मी.

तेवढ्यात बाबा आत आले, माझ्या जुन्या लाडक्या नावाने हाक मारत. "काय पक्कड, कसं झालंय काम?"

"झकास," मी म्हटलं.

"हिशेब करूनच घातलीये हो. चाळीस मीटर वायर. आठ व्होल्ट पडतात. आठ चालतात."

शेठ, वीज एका तारेने जाते आणि दुसरीने परत येते, म्हणून चाळीस मीटरच्या अंतराला ऐंशी मीटर तार धरायची, हे मला त्यांनीच शिकवलं. एकदा मी एकेरी लांबी धरली तेव्हा टेस्टरच्या मुठीने बोटांवर हाणून म्हणाले होते, "घर जाळशील कुणाचं तरी." तोच माणूस चाळीस म्हणत होता, आणि म्हणून झाल्यावर माझ्या तोंडाकडे बघत होता. मी सांगितलं, बाहेरूनच व्होल्टेज कमी येतंय बाबा. त्यावर इतके खूश झाले की वीज कंपनीच्या सात पिढ्या उद्धरल्या.

ते चहा सांगायला घरात गेले, तशी आई उठली, गिझर बंद केला, हीटर बंद केला. मशीनचं कोकलणं थांबलं.

"हे असं रोज करतेस?" मी विचारलं.

"ते वाजलं की तुझे बाबा बोर्ड उघडून बसतात गं. परत परत मोजतात, परत परत आठच येतात. मग जेवतसुद्धा नाहीत. त्यापेक्षा मी गार पाण्याने उरकते."

"आणि शेठला माहीतच नसेल."

"त्यालाच आधी कळलं. म्हणाला, बाबांना नको बोलूया, मनाला लावून घेतील."

व्वा! बापाचं मन सांभाळलंस आणि आईला गारठवलंस. तिची बोटं पाहिलीस का कधी? मला पाहवली नाहीत. बापाला न दुखवता वायर बदलता येते हे सुचायला अक्कल लागत नाही रे, हात मळवायची तयारी लागते. मला एक निरोप धाडला असतास तर तुझं नाक कापलं जाणार नव्हतं. मला तुझा राग येतो, आणि हे पत्र लिहून तो कमी झालेला नाही.

आता ऐक. रविवारी सकाळी बाबा न्हाव्याकडे जातात आणि गप्पा मारून दुपारीच परततात. चार एमएमची वायर मी घेऊन येतेय. तिने सहाच व्होल्ट पडतील. पाइप बाबांनी मोठा टाकलाय, तिथे त्यांचा हात चुकलेला नाही. जुन्या वायरीला नवी बांधून ओढून घेऊ. जोड मी त्यांच्यासारखेच करीन, टोकं दुमडीन. आई सांगेल, बाहेरून व्होल्टेज सुधारलं. त्यांचं काम त्यांचंच राहील.

एका टोकाने ढकलायचं, दुसऱ्या टोकाने ओढायचं, हे एकट्याने होत नाही. नाहीतर तुझं तोंड पाहायची मला हौस नाही. मी "ओढ" म्हटलं की ओढायचं, "थांब" म्हटलं की थांबायचं. बाकी एक शब्द बोलायचा नाही. जुने कपडे घाल.

आजवर दुसऱ्या टोकाला बाबा असायचे.

त्यांची पक्कड,
आणि नाइलाजाने तुझी
ताई